भूतकाळापुरती भाषा

आमच्या लाँड्रीत येणारे गोरे बाबा 'उंदीर' हा शब्द तोंडातून काढत नसत. मस्कतमधल्या रुवीच्या आमच्या गल्लीत उंदीर म्हणजे शेजारीच. कचऱ्याच्या डब्यामागून निघायचा आणि लाँड्रीच्या दारावरून ऐटीत पलीकडे जायचा. बाबा कपड्यांची पिशवी छातीशी धरून बाजूला व्हायचे आणि इंग्रजीत म्हणायचे, "लांब शेपटीवाला गेला." मला वाटलं, इंग्रजीत उंदराला असंही म्हणत असतील. माझं इंग्रजी नववीत शाळा सोडलेल्याचं, म्हणजे समोरचा सांगेल त्या शब्दावर विश्वास ठेवणारं. मामूला मात्र राहवलं नाही. मामू म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारा रायगडचा माणूस. दुकानात वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचाच मामू. त्याने मुद्दाम छेडलं, "बाबा, रॅट बोलो ना. एक बार रॅट बोलो." बाबांनी दोन्ही हातांनी कान झाकले आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या बेटावर हा शब्द कुणी बोटीत उच्चारला तर ती बोट बंदराला लागत नाही, असं त्यांनी नंतर मला समजावलं.

मी हसलो नाही. आमच्या गावात, रत्नागिरीच्या खाली खाडीकाठी, अंधार पडल्यावर सापाला साप म्हणत नाहीत. लांबडं म्हणतात. हे मी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "लांबडं," ते म्हणाले. मग पुन्हा, "लांबडं." तोंडात गोळी फिरवावी तसा तो शब्द फिरवत ते जिना चढून गेले.

ते आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. गोरा माणूस आणि रुवीत, हीच पहिली गंमत. बाकीचे गोरे समुद्राकडच्या बंगल्यांतून, नाहीतर अल् खुवैरच्या मोठ्या फ्लॅटमधून. बाबा मात्र मनी एक्स्चेंजच्या पाटीच्या वर, केरळी हॉटेलच्या धुरात, आमच्यात. बंदरात येणाऱ्या जहाजांवर जाऊन माल किती, जहाज पाण्यात किती बुडालंय, हे मोजून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत ते कामाला होते. वय सत्तरीच्या पुढे. गल्लीत त्यांना 'इंग्लिश बाबा' म्हणायचे आणि त्यांना त्याचा मनापासून राग यायचा. "इंग्लिश नही," ते आमच्या गल्फी हिंदीत सांगायचे, "मॅन." आता मॅन तर सगळेच असतात. त्यांच्या बेटाचंच नाव मॅन, आणि ते इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे, हे कळायला आम्हाला बरेच शर्ट इस्त्री करावे लागले. कळल्यावर मामू म्हणाला, "बेटाचं नाव माणूस? मग तिथल्या माणसांना काय म्हणतात, बेट?"

शिकवणी सुरू झाली ती एका फोनमुळे. मी काउंटरपाशी घरी बोलत होतो. घरचा फोन म्हटला की मी घाईघाईने सगळं कबूल करत सुटतो. मी बघतो, मी करतो, मी विचारतो मालकाला, अर्बाबला, मी कुठे नाही म्हणतो. अम्मी काही मागतही नव्हती, नुसती विचारपूस करत होती, तरी. बाबा समोर उभे होते. मी फोन ठेवला तसं त्यांनी विचारलं, "हे मी, मी, मी म्हणजे काय?"

"मी म्हणजे मी. आय."

त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि दोन्ही तळवे काचेवर टेकले. "आमच्या भाषेतही," ते म्हणाले, "मी म्हणजे मीच."

ती भाषा मँक्स. पाळण्यात ऐकून बोलणारी शेवटची म्हातारी माणसं कधीच गेली. मग तिथल्या लोकांनी ती पुन्हा शिकायला घेतली, आता शाळेत पोरंही शिकतात. बाबांच्या आईला येत होती, पण तिने मुलांना दिली नाही. मुलांना लोक हसतील, नोकरी मिळणार नाही, असं तिला वाटायचं. आता म्हातारपणी बाबा लॅपटॉपवर ऐकून ऐकून शिकत होते. फक्त बोलायला कुणी नव्हतं. भिंतीशी बोललं की भिंत चुका काढत नाही, अशी त्यांची तक्रार. तेव्हा मी दुपारी त्यांच्याबरोबर शिकायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मी हो म्हटलं ते आवडीने नाही, भीतीने. नाही म्हणावं आणि उद्या हा माणूस अर्बाबकडे काही बोलला तर? व्हिसा त्याच्या हातात. मला आधीपासूनच ही सवय, कुठलीही गोष्ट आली की तिचा शेवट वाईट होताना आधी बघून घ्यायचा. त्यात शिकवणी. व्याकरणाचं नाव काढलं की मला नववीतला बाक आठवतो. 'खालील वाक्यांचा काळ ओळखा.' मला काळ कधी ओळखता आला नाही. मास्तर माझ्यासमोर उभे राहिले की मला फक्त छडी ओळखता यायची.

पण बाबांना एकच काळ पाहिजे होता. पुस्तकातले पहिले धडे त्यांनी उलटूनही पाहिले नव्हते. नमस्कार, कसे आहात, पाऊस पडतो आहे, बाजार कुठे आहे, सगळं सोडून ते थेट भूतकाळावर आले होते. "माझ्या वयात बाकीच्या काळांचं काय करू?" ते म्हणायचे. आज्ञा तर त्यांना अजिबात नको होत्या. जहाजावर जन्मभर आज्ञा दिल्या आणि घेतल्या, बास झालं.

दुकान एक ते चार बंद असतं. शटर अर्धं ओढलेलं, आत वाफेचा वास, मामू चादरींच्या ढिगावर आडवा. बाबा घडीचं स्टूल घेऊन खाली यायचे. पहिला धडा 'रेन मी'. म्हणजे केलं मी. याच्या मागे कुठल्याही कामाचं नाव लावलं की झाला भूतकाळ तयार, धुणं केलं मी, बोलणं केलं मी, हसणं केलं मी. मला वाटलं, झालं, आली भाषा. बाबांनी बोट हलवलं. ही नवशिक्याची काठी, म्हणाले, पडेपर्यंत धरायची आणि मग टाकायची. खरे शब्द पुढेच होते. हाय मी, गेलो मी. हेंक मी, आलो मी. हॉनिक मी, पाहिलं मी. हूअर मी, मिळालं मला. आधी काम, मग ते करणारा.

आता आमच्या गावात तरी वेगळं काय बोलतात? 'गेलो मी', 'जेवलो मी', 'सांगितलं मी तिला'. मास्तर ओरडायचे, कर्ता आधी, कर्ता आधी. इथे एक अख्खं बेट क्रियापद आधी बोलत होतं आणि कुणी त्याला बाकावर उभं करत नव्हतं. हे मी बाबांना सांगितलं नाही. नुसताच हसलो. शिकताना हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

नाही म्हणायचं तर पुढे 'खा' लावायचा. घशातला ख, अरबीतला, खलासमधला. तो मला ओमानने आधीच शिकवून ठेवला होता. मामू ढिगावरून डोळे न उघडता म्हणाला, "हा नाही म्हणतोय की जेवायला वाढतोय?" पण गंमत पुढे आहे. गेलो म्हणजे हाय मी. गेलो नाही म्हणायचं तर 'खा हाय मी' चालत नाही. 'खा जाख मी' म्हणावं लागतं. आलो म्हणजे हेंक मी, आणि आलो नाही म्हणजे खा डेंक मी. शब्दच बदलतो. बाबा यावर वैतागायचे, भाषा करणाऱ्याने दारू पिऊन केली असं म्हणायचे. मला मात्र ते पहिल्यापासून बरोबर वाटलं. गेलेल्या माणसाला आणि न गेलेल्या माणसाला एकच शब्द कसा पुरेल? मी घरून येऊन दोन वर्षं उलटली होती. माझ्या खोलीतला एक जण सुट्टीवर गावी जाऊन आला तेव्हा तो वेगळाच दिसत होता, आणि मी तसाच होतो.

फक्त भूतकाळ बोलायचा म्हणजे काय होतं, ते बाबांबरोबर बाहेर गेल्याशिवाय कळणार नाही. शुक्रवारी ते मला मत्राहच्या किनाऱ्यावर न्यायचे. समोरून मचवा जातोय, मी म्हणायचो, बाबा, मचवा. ते ओठ मिटून बसायचे. मचवा खडकाआड गेला की मग हळूच, "हॉनिक मी." पाहिलं मी. हॉटेलात ते एक अक्षर न बोलता बिर्याणी संपवायचे, हात धुवायचे, मिशा पुसायचे आणि मग वेटरला मँक्समध्ये सांगायचे की खाल्लं मी. वेटर केरळचा. तो म्हणायचा, "ओके, बाबा, पानी?" गोष्ट होऊन जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा हा माणूस. मी उलटा. मी गोष्ट व्हायच्या आधीच बोलून, घाबरून, माफी मागून मोकळा.

बदल्यात त्यांना मराठी पाहिजे होतं, तेही अर्थात भूतकाळापुरतं. मी सांगितलं, मी मासा खाल्ला. मी भाकरी खाल्ली. मी अंडं खाल्लं. ते थांबले. "खाल्ला, खाल्ली, खाल्लं. म्हणजे मी तोच, माशाप्रमाणे शब्द बदलतो?" मी म्हटलं, हो. "मग खाणारा कुठे गेला?" याचा मी कधी विचार केला नव्हता. मामूने केला. "खाणारा आला मस्कतला," तो म्हणाला, "मासा राहिला गावाला." बाबांना हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते इतके हसले की स्टूल मिटलं आणि खाली बसले. पुढे कितीतरी दिवस मामू दिसला की ते विचारायचे, "मासा कसा आहे?"

एक वाक्य मी स्वतःहून पाठ केलं. वा आगल ऑरम. शब्दाला शब्द लावला तर, होती भीती माझ्यावर. आपल्याकडे भीती वाटते, म्हणजे ती आतूनच येते, तिला कुठे धरणार? तिथे ती अंगावर असते. अंगावरचं उतरवून ठेवता येतं, असं लाँड्रीत काम करणाऱ्याला वाटणारच. शिवाय ते वाक्य भूतकाळातलं. होती. मी पँटला इस्त्री फिरवताना मनातल्या मनात ते म्हणायचो. मला त्याचा उपयोग झाला, अजून होतो. शाळेने मला दिलं नाही ते या एका वाक्याने दिलं, आणि याबद्दल मी बाबांचा किती ऋणी आहे हे त्यांना सांगायचं राहिलं, असं नाही, सांगितलं मी. ते म्हणाले, उच्चार सुधार.

बाबांना हा एकच काळ का पाहिजे होता, ते मला मत्राहलाच कळलं. त्या शुक्रवारी त्यांनी मचव्यांकडे पाहिलंही नाही. कंपनीने सांगितलं होतं, ईदनंतर तुमची गरज नाही. व्हिसाही तेवढाच. म्हणजे ओमान सोडावं लागणार. मी विचारलं, मग बेटावर जाणार? माझ्या डोक्यात सरळ हिशेब, काम संपलं की माणूस गावी जातो.

"माझी बहीण आहे तिथे," ते म्हणाले. "आईच्या घरात राहते."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, इंग्रजीत. आई आजारी पडली तेव्हा ते इथेच होते. बहिणीचे निरोप आले. ये. ते गेले नाहीत. आई वारली. तेव्हाही गेले नाहीत. जहाजाचं कारण सांगितलं. बहिणीने एकटीने सगळं केलं. नंतर त्यांनी पत्रं पाठवली, फोन केले, पण तोपर्यंत बहीण आईची भाषा शिकली होती, तिथल्या पोरांना शिकवत होती. शेवटच्या फोनवर तिने इंग्रजीत एवढंच म्हटलं होतं की तुला जे सांगायचंय ते आईच्या भाषेत सांग, नाहीतर राहू दे. आणि फोन ठेवला. त्याला पुष्कळ वर्षं झाली.

"मला जे सांगायचंय," बाबा म्हणाले, "ते सगळं होऊन गेलेलं आहे."

मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत बसलो. इतके दिवस मला वाटत होतं, म्हातारा लहरी आहे, एक काळ धरून बसलाय. त्यांना राहायला जागा मिळाली असती. इंग्लंडात म्हाताऱ्यांसाठी घरं असतात, कंपनीच्या साहेबाने चौकशीही केली होती. पण तिने दार उघडलं नाही तर ते बेटावर पाय ठेवणार नव्हते. आणि ईद जवळ येत होती.

त्यानंतर दुपारची शिकवणी वेगळी झाली. वाक्यं तीनच. खा डेंक मी. आलो नाही मी. खा हॉनिक मी, असं मी म्हणायचो आणि ते दुरुस्त करायचे, खा वेक मी ई, पाहिलं नाही मी तिला. आणि तिसरं माझं, वा आगल ऑरम. हे त्यांनी मागून घेतलं. त्यांना जहाजाचं कारण सांगायचं नव्हतं. "मला तिला बघायची भीती वाटली," ते म्हणाले. "आईला तसं बघायची." मी त्यांच्यासमोर बहीण होऊन उभा राहायचो, हाताची घडी घालून. मामूला हे पाहवायचं नाही. तो म्हणायचा, "अरे, बहीण अशी उभी राहते काय? ती बसली असेल. रागावलेली बाई बसते." मग मी बसायचो.

फोनचा दिवस शुक्रवारच ठरला. व्हॉट्सअॅपवरून बोलणं तेव्हा ओमानमध्ये लागत नसे. बाबांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, बकाल्यातून, फोनचं कार्ड आणलं, खरवडलं, आणि आमच्या काउंटरवर त्यांचा मोबाइल ठेवून स्पीकर लावला, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं. शटर अर्धं खाली. मामू चादरींवर पडला होता, पण झोपलेला नव्हता, त्याचे पाय सांगत होते.

घंटा वाजत राहिली. मग एक बाई इंग्रजीत म्हणाली, कोण.

बाबांनी नाव सांगितलं नाही. ते सरळ म्हणाले, "खा डेंक मी." आवाज त्यांचा नव्हताच, शाळेत उभं केलेल्या पोराचा होता. "खा वेक मी ई." पाहिलं नाही मी तिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, तेवढाच. बाबांनी काउंटरची कड धरली. "वा आगल ऑरम," ते म्हणाले, आणि मग, कुणी सांगितलं नसताना, तेच पुन्हा म्हणाले, "वा आगल ऑरम."

आणि ती बोलायला लागली. इतकं भरभर, इतकं मोठं, की आम्हा दोघांना एक शब्द धरता येईना. रागावली आहे की रडते आहे, तेही नाही. बाबा फोनवर वाकून उभे. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "तार." मग पुन्हा, जोरात, "तार." आणि तेवढ्यात कार्ड संपलं आणि रेकॉर्ड केलेल्या बाईने अरबीत काहीतरी सांगितलं.

आमच्या गावात जुनी माणसं अजून सांगतात, पूर्वी तार आली म्हणजे कुणीतरी गेलं. पोस्टमन तार घेऊन वळणावर दिसला की बायका आधीच रडायला लागायच्या. मी बाबांकडे बघितलं. तेही पांढरे पडले होते, पण वेगळ्याच कारणाने. त्यांना इंग्रजी ऐकू आलं होतं. "टार," ते म्हणाले. "डांबर. डांबर का म्हणाली?"

मामू उठून बसला. "सरळ आहे," तो म्हणाला. "आलास तर तोंडाला डांबर फासेन म्हणते."

मी हे भाषांतर करायला नको होतं, पण बाबांनी विचारलं, आणि मला विचारलं की मी सांगून टाकतो. त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना पटलं. मोबाइल खिशात घातला, स्टूल तसंच ठेवलं आणि वर गेले. मामू पुटपुटला, "मी थट्टेत बोललो रे."

चार वाजता शटर उघडलं. गिऱ्हाइकं आली. एक ओमानी म्हातारा आपला पांढरा झगा कडक का नाही म्हणून मला समजावत होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि बाबा दारात आले. अनवाणी. चष्मा कपाळावर. रुवीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही, ते एका पायावरून दुसऱ्यावर होत होते.

"ये," ते मला मराठीत म्हणाले.

मला वाटलं, बोलावतायत. मी काउंटरच्या बाहेर आलो.

"नाही, नाही. तार. तार म्हणजे ये." ये हा शब्द त्यांना माहीत होता, गल्लीतल्या मांजराला मी हाक मारायचो त्यावरून. "मी सगळा भूतकाळ धुंडाळला, तिथे नाही. ही आज्ञा आहे. मी आज्ञा शिकलोच नाही." हेंक म्हणजे आला, आणि त्याच कामाची आज्ञा तार. एकाच घरातले दोन शब्द, पण तोंडावळा काही मिळत नव्हता. "ये म्हणाली ती. दोनदा म्हणाली."

ओमानी म्हाताऱ्याला काय झालं ते कळलं नाही, पण त्याने झगा उचलला आणि मला म्हणाला, असू दे, आहे तसा चालेल.

ईदच्या आधीच बाबा निघाले. टॅक्सी गल्लीत आली तेव्हा सगळी दुकानं बाहेर आली होती. मला त्यांना त्यांच्या भाषेत काही म्हणायचं होतं, पण जाताना म्हणायचं आमच्याकडे काही नव्हतंच. सांभाळून जा, पोहोचलात की कळवा, पुन्हा या, यातलं एकही भूतकाळात होत नाही. मामूने त्यांना विचारलं, "मासा कसा आहे?" बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मग बसले. टॅक्सी घड्याळाच्या चौकाकडे वळली, दिसेनाशी झाली, तेव्हा मी म्हटलं, "हाय ए." गेला तो. मामू म्हणाला, "काय?" मी म्हटलं, काही नाही.

त्यानंतर दुपारचे ते तीन तास मला कुठे ठेवावेत कळेना. झोप यायची नाही. अल् खुवैरमध्ये आपल्या मराठी लोकांचे कार्यक्रम असायचे, गणपती, जयंती, ईद मिलन, मी एकदोनदा गेलो. इंजिनियर लोक, चांगली माणसं, विचारायचे कुठे असता, मी सांगायचो लाँड्रीत, आणि पुढे त्यांनाही सुचायचं नाही, मलाही. गावची आठवण मला नेहमीच यायची, तिची सवय होती. पण आता एका अशा बेटाची ओढ लागली जे मी पाहिलं नव्हतं. म्हणजे बेटाची नाही. त्या भाषेत माझी चूक काढणाऱ्या माणसाची. बाबा अधूनमधून दुकानाच्या नंबरावर फोन करायचे. एकच वाक्य सांगायचे, काय खाल्लं, कुठे गेले, काय पाहिलं, आणि माझं वाक्य होईपर्यंत थांबायचे. मी सुट्टी घेऊन गावी जाऊन आलो तेव्हा त्यांना सांगितलं, हाय मी. ते म्हणाले, छान, आता अम्मीबद्दल सांग. मी 'हॉनिक मी ई' म्हटलं, पाहिलं मी तिला, आणि त्यांनी उच्चार दुरुस्त केला नाही.

मग फोन थांबले. थंडी आली, गेली. मी स्वतःला समजावलं, बहिणीचं घर आहे, माणसं आहेत, विसरले असतील. विसरले असतील असं वाटणं मला बरं वाटायचं, कारण दुसरं जे वाटायचं ते नको होतं.

एका सकाळी, दुकानात गर्दी असताना, तो फोन आला. बाईचा आवाज. मँक्समध्ये भरभर काहीतरी. मी ओळखला. मी इंग्रजीत म्हटलं, हळू, प्लीज, मी नवशिका आहे. ती थांबली. पोरांना शिकवणारी बाई होती ती, तिला कळलं. मग तिने एकेक लहान वाक्य मला दिलं.

हेंक ए द वाल्ये. आला तो घरी. हे मला माहीत होतं, पण तिने तिथूनच सुरुवात केली. मग तो किनाऱ्यावर गेला, रोज गेला. जहाजं पाहिली त्याने. मासे खाल्ले. आईच्या खोलीत झोपला. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची आणि मी हुंकार द्यायचो. मला सगळं कळत होतं. आजवर फोनवर आलेली कुठलीही बातमी मी इतकी शांतपणे ऐकली नव्हती. मग ती म्हणाली, "हूअर ए बेस."

हूअर ए, मिळालं त्याला. काय मिळालं? बेस हा शब्द आमच्या धड्यांत नव्हता. बाबांनी ते पान घेतलंच नव्हतं. मी विचारणार होतो, तोंड उघडलंही, पण तिने पुढचं वाक्य दिलं नाही. इतका वेळ एकामागून एक देत होती आणि आता देत नव्हती, तेव्हा मला कळलं. तिकडे मरणसुद्धा माणसाला मिळतं, घरचं पत्र मिळावं तसं.

मामूने माझ्याकडे बघून इस्त्री उभी केली. काउंटरपाशी लोक पावत्या घेऊन उभे होते.

थोड्या वेळाने ती इंग्रजीत बोलली. त्याने तुमच्याबद्दल पुष्कळ सांगितलं, म्हणाली, पण स्वतःबद्दल काही नाही. इतकी वर्षं तो तिकडे कसा होता? तुम्हाला येईल तेवढं आमच्या भाषेत सांगा.

सांगण्यासारखं किती होतं. कान झाकून बाहेर उभे राहिलेले, बिर्याणी संपेपर्यंत गप्प बसलेले, मिटलेल्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसून हसणारे, तापलेल्या फरशीवर अनवाणी. त्यातल्या एकाचेही शब्द माझ्याकडे नव्हते. मी शोधत राहिलो, ती वाट बघत राहिली. शेवटी जुळलं ते इतकं लहान होतं की म्हणायला लाज वाटली.

"वा ए अन शॉ," मी म्हटलं. होते ते इथे.

मग माझ्यामागून तेच वाक्य तिने म्हटलं, नवशिके म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा करून. होता तो इथे. तिचं 'इथे' तिकडचं होतं, माझं इथलं. चूक कुणाचीच नव्हती, म्हणून आम्ही दोघांनी ते आणखी एकदा म्हटलं.